वरच्या गावाची बाटली : कृष्णेतल्या प्रवासाच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024

ठरलं एकदाचं. जानेवारीत कराडच्या प्रीतिसंगमापासून नृसिंहवाडीपर्यंत कृष्णेतून वल्हवत जायचं. वळणांसकट अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास धरलंय, दिवस दहा.

महाराष्ट्रातली कृष्णा 282 किलोमीटर आहे, मग कराडपासूनच का, असं कालच्या बैठकीत दोघांनी विचारलं. उगमापासून धोम धरणापर्यंत डोंगरच आहे. धोमच्या खाली कराडपर्यंत हिवाळ्यात पाणी कुठं घोट्याएवढं, कुठं बंधाऱ्यामागं तुंबलेलं. तो टप्पा आम्ही गेल्या उन्हाळ्यात काठानं पायी केला : मेणवली, वाई, क्षेत्र माहुली, खोडशी. कराडला कोयना येऊन मिळते आणि मग होडी चालेल एवढं पाणी बारमाही असतं.

होडीतून नदी जागवायची कल्पना आमची नाही. डॉ. विश्वास येवले यांनी 2002 साली जलदिंडी सुरू केली, आळंदीहून पंढरपूरला इंद्रायणी-भीमेच्या पाण्यातून. वारीसारखे मुक्काम, गावोगाव शाळांत बोलणं. आमच्यातल्या एकानं कॉलेजात असताना त्या दिंडीत वल्हं मारलं होतं, तिथून हे डोक्यात आहे.

हेतू काय लिहायचा यावर मात्र तास गेला. 'जनजागृती' लिहून झालं नि मग खोडलं. कृष्णाकाठच्या माणसाला नदी बिघडली हे आपण सांगायला हवं असं नाही. त्यानं 2005, 2019 नि 2021 चे पूर पाहिलेत, मार्च 2023 मध्ये सांगली-अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पाहिलाय. पण ज्याला त्याला आपल्या घाटापुरती नदी माहीत आहे. वरच्या वळणाआड काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि आपल्या गावातून खाली काय जातं ते पाहायला तो जात नाही. आम्ही वळणावळणानं जाणार आहोत, तर वरच्या गावचं पाणी खालच्या गावाला नेऊन दाखवायचं. वहीच्या पहिल्या पानावर आता एवढंच आहे.

1 डिसेंबर

होड्या मिळाल्या. दोघांच्या तीन कयाक, भाड्यानं. लाइफ जॅकेट, शिट्या, दोर स्वतःचे. पोलीस ठाणी, पाटबंधारे आणि वनविभाग, तिन्हीकडे पत्रं दिली. वनविभागाला मुद्दाम भेटून आलो, कारण नागठाण्यापासून खाली मगरी आहेत.

आजचं मोठं काम पाणी तपासायच्या बाटल्यांचं. आमच्यातल्या ताई रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी विंकलर पद्धत करून दाखवली. 300 मिलीची काचेची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड दोन-दोन मिली पाण्याच्या आत सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो. नसला तर साका पांढरा. घंगाळात नळाचं पाणी घेतलं तर बाटलीत गुळासारखा तपकिरी ढग उतरला. मग पाणी उकळून, झाकून थंड केलं नि तेच केलं. ढग दह्याच्या निवळीसारखा फिकट.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रंग जागेवरच पक्का होतो. बुचाभोवती पाणी राहू दिलं आणि बाटली अंधारात ठेवली की ती काही तासांनी पुढच्या गावात नेऊन दाखवता येते. आकडा काढायचा तर पुढं आम्ल, स्टार्च आणि हायपोचं टायट्रेशन लागतं. ताई ते मुक्कामावर करतील, पण आकडे आम्ही जाहीर करणार नाही. आपण मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नाही, आणि एका चुकीच्या आकड्यानं सगळ्या कामावर बोट ठेवलं जाईल. रंग लोकांनी डोळ्यांनी बघावा. सोबत मापं माहीत असावीत : आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, मासे जगायला किमान 4.

हातमोजे घ्यायचे. वापरलेलं रसायन कॅनमध्ये साठवून परत आणायचं, नदीत एक थेंबही ओतायचा नाही.

22 डिसेंबर

कराडला सराव. वल्हवणं जमतंय, होडी उचलणं जमवायला हवं. वाटेत टेंभूचं धरण, मग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकामागून एक. प्रत्येक ठिकाणी सामान उतरवा, होडी खांद्यावर घ्या, खाली पुन्हा भरा. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली, शेवटच्या खेपेला अठरा.

केंदाळात, म्हणजे जलपर्णीत, शिरायचं नाही. वल्ह्याला मुळ्या लपेटतात आणि सगळा जोर तिथंच जातो.

5 जानेवारी 2025 : प्रीतिसंगम ते टेंभूच्या खाली

सकाळी सातला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार करून पाण्यात उतरलो. इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात, जणू एकमेकींना शोधत आल्या असाव्यात, आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. मधोमध होडी थांबवून मी एक हात डावीकडच्या पाण्यात घातला, एक उजवीकडच्या. कोयनेचं पाणी स्पष्ट गार. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाची दोन्ही यंत्रं चालू असली की तिथून 2100 क्युसेक पाणी नदीत येतं. उन्हाळ्यात कराडच्या खाली कृष्णा जिवंत दिसते ती मुख्यतः याच पाण्यावर. सांगलीत नळ सोडणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात असेल?

पहिली बाटली संगमावर भरली. साका गर्द तपकिरी.

टेंभूला होडी उचलून नेताना गावातली दोन पोरं धावत मदतीला आली. आगरकरांचं जन्मगाव हे. शाळेत बाटली दाखवली, आणि एका मुलीनं विचारलं, "आमच्या गावाच्या खालची कुठाय?" ती उद्या सकाळी भरू आणि खाली नेऊ, असं सांगितलं. तिला ते पटलं नाही. "आमची आमाला बघायची न्हाई व्हय?" बरोबर आहे तिचं. नियम बदलला : प्रत्येक गावाच्या वर एक नि खाली एक, दोन बाटल्या. वरची त्या गावालाच दाखवायची, खालची त्यांना दाखवून मग पुढच्या गावाला न्यायची.

6 जानेवारी : रेठरे

अंतर बरं झालं. धरण-बंधाऱ्यांमुळं पाण्याला ओढ नाहीच, सगळं अंतर हातांनीच तोडावं लागतं.

काठ बघून जीव तुटतो. वीटभट्ट्यांसाठी माती नेलेल्या जागी वीस-वीस फूट उभे कडे तयार झालेत, वर ऊस, आणि कड्याच्या तोंडाशी उसाची मुळं लोंबताहेत. पुढच्या पुरात ती पट्टी जाणार, हे शेतकऱ्यालाही माहीत आहे. एका ठिकाणी अशाच कड्यात वेड्या राघूंनी बिळं केलीत. शंभरेक तरी असतील.

7 जानेवारी : बहे

रामलिंग बेट. नदी इथं दोन धारांत फुटते आणि बेटावर देऊळ आहे, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. कथा अशी की राम पूजेला बसले आणि कृष्णेला पूर आला, तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी दोन बाजूंनी वळवलं. बाहूंवरून बहे. पुजाऱ्यांनी ती अशा ओघानं सांगितली की आम्ही ओले कपडे बदलायचं विसरून ऐकत बसलो.

बाजूलाच बंधारा. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, फटींतून पाणी पिचकाऱ्या मारतंय. बंधाऱ्याच्या वर गच्च भरलेली नदी आणि खाली खडकांतून वाट काढणारं घोटाभर पाणी. काळे कातळ, त्यावर शेवाळ. होडी दीड तास ढकलत न्यावी लागली. बंधाऱ्यांवर माझा राग नाही, या पाण्यावर आमच्याही घरचा ऊस आहे. पण ऑक्टोबरात बरगे घातल्यापासून पावसाळ्यापर्यंत ही नदी म्हणजे एकाखाली एक ठेवलेले हौद आहेत, हे होडीतून फिरल्यावर अंगाला कळलं. एका हौदात घाण पडली की ती तिथंच मुरत राहते. मग कधी वरून पाणी सुटतं किंवा वळिवाचा पाऊस होतो, आणि साठलेलं सगळं एकदम खालच्या हौदात उतरतं. मासे मरतात ते असं. मळीचं पाणी कुजताना प्राणवायू खातं, आणि पहाटे तर तो आधीच कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वासच घेत असतं.

मळी शब्दाचंच बघा. नदीकाठच्या गाळाच्या रानाला आम्ही मळी म्हणतो. कृष्णाकाठची वांगी तिथली, टरबुजं तिथली. आणि कारखान्यातून येणारी घाणही मळीच. आज बेटावर एक आजोबा म्हणाले, "आमच्या लहानपणी मळीला जाऊन येतो म्हटलं की काकडी खाऊन यायचो."

8 जानेवारी : नागठाणे

दिवसभर समोरून वारा. वाळव्याच्या पुढं हात भरून आले. संध्याकाळी बालगंधर्वांच्या गावात मुक्काम, पिठलं-भाकरी, आणि उद्याच्या टप्प्याबद्दल नावाडीमामांशी बोलणं. पन्नास वर्षं नदीत आहेत. लहानपणी गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं गेलोय म्हणाले.

त्यांनी सांगितलेले नियम : उद्या मामांची होडी पुढं. तिन्ही कयाक एकमेकींना धरून, नदीच्या मध्यातून. काठाला लागायचं ते फक्त घाटावर. सकाळी दहाच्या आधी निघायचं नाही. हातपाय पाण्यात सोडायचे नाहीत. "सुसर कुणाच्या वाटंला जात न्हाई, पर तिच्या वाटंत आपुन जायचं न्हाई."

9 जानेवारी : अमणापूर, औदुंबर, भिलवडी

सव्वाअकराला पहिली मगर दिसली. अमणापूरच्या अलीकडं, डाव्या काठाच्या मळीवर. मामांनी वल्हं आडवं धरलं, आम्ही थांबलो. अंतर साठ-सत्तर मीटर असेल. आठेक फूट लांब, जबडा अर्धा उघडा. माझ्या पुढं बसलेल्या पोराचा श्वास मला ऐकू येत होता. पाठीवरचे खवले वाळून राखाडी झालेले, पोटाकडची बाजू पिवळसर, आणि शेपटीवर एक टिटवी निवांत चालत होती. जबडा उघडा ठेवून ती अंग जास्त तापू देत नाही. थंडीत ऊन खायला बाहेर यावंच लागतं तिला, आणि ते ऊन खायला काठ लागतो.

खरा प्रश्न या काठाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी काठाच्या वाळूत-मातीत खड्डा करून अंडी घालते, जूनच्या सुमारास पिल्लं निघतात. वाळू उपसली, माती भट्टीला गेली, उरलेल्या मळीत पाण्यापर्यंत ऊस आला. तिनं अंडी घालायची कुठं? आणि शेतकऱ्यानं मोटर सुरू करायला अंधारात कुठल्या वाटेनं उतरायचं? या पट्ट्यात माणसं दगावली आहेत, लेकरं गेली आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मगरीला संरक्षण आहे आणि असायलाच हवं, पण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी बसून कायदा सांगायची माझी हिंमत झाली नाही. अमणापुरात एका काकींनी सांगितलं की त्या धुणं आता घरीच धुतात. "नदी तुटली आमची." हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. दुपारी एकूण पाच मगरी मोजल्या. त्यातली एक कोवळी, दोन फुटांचीसुद्धा नव्हती.

त्यानंतर औदुंबर. उंबरांच्या गर्द सावलीत घाट, समोर भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरी. निर्माल्य टाकायला घाटावर कुंड ठेवलंय आणि लोक ते वापरतात, मी अर्धा तास बसून पाहिलं. चौघांपैकी तिघींनी कुंडात टाकलं. चौथ्या आजींनी फुलं नदीत सोडली नि प्लॅस्टिकची पिशवी घडी घालून कमरेला खोचली. तेवढ्यानंही बरं वाटलं.

भिलवडीच्या शाळेत दोनशे मुलं. अमणापूरच्या खालची बाटली आणि इथल्या घाटाची बाटली शेजारी ठेवली. दोन्ही तपकिरी, दुसरी किंचित फिकी. मुलांनी रांगेत येऊन एकेकानं पाहिली. फरक त्यांनीच ओळखला, आम्ही सांगितला नव्हता.

10 जानेवारी : ब्रह्मनाळ

येरळा इथं मिळते. या दिवसांत ती जवळजवळ कोरडी.

8 ऑगस्ट 2019 ला पुरातून बाहेर पडताना इथली होडी उलटली आणि गावातली माणसं गेली. आम्ही लाइफ जॅकेट घालून गावाच्या घाटाला लागलो तेव्हा एक बाई ती जॅकेटं बघत राहिल्या. कुणी काही बोललं नाही. इथं बाटल्यांचं बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं. मग गावकऱ्यांनीच विचारलं, मुलांना हे वल्हवायला, पोहायला शिकवाल का? नंतर येऊन दोन दिवस शिकवायचं कबूल केलंय. हे काम यादीत सगळ्यात वर.

11 जानेवारी : एका गावाच्या खाली

गावाचं नाव नोंदीत घालत नाही. पुढचं सगळं सिद्ध व्हायचं आहे, आणि त्या गावानं आम्हाला रात्री जेवू घातलंय.

सकाळी आठ. धुकं. आधी वास आला, करपलेल्या काकवीसारखा, मागोमाग कुजका. मग एका ओढ्याचं तोंड. पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, कडेला साबणासारखा पण पिवळट फेस, वल्ह्यानं हलवला तरी न मोडणारा. ओढ्याच्या तोंडाशी चिलापीचे मासे पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला तोंड लावून उघडझाप करत होते. शेकडो तोंडं. खालून कुणी सुई टोचावी तसं सगळं पाणी बारीक बारीक फुटत होतं. वाम इतकी वर येत नाही कधी, तीही काठाला वेटोळं करून होती.

ताईंनी बाटली भरली. दोन्ही रसायनं सोडली, बूच लावलं, चार वेळा उलटीपालटी केली आणि बाटली धुक्यातल्या उजेडाकडं धरली. पांढरा. तपकिरीची छटासुद्धा नाही. साका हळूहळू खाली बसत गेला आणि बाटलीचा तळ चुन्यासारखा झाला. होडीत कुणी बोलेना.

ओढ्याच्या खाली तीनशे पावलांवर पाणीपुरवठ्याची जॅकवेल, म्हणजे नदीतलं पाणी उचलायची विहीर. मोटर चालू होती.

ओढ्यानं वर चालत गेलो. अर्ध्या तासावर तीन ओघळ एकत्र येतात : एक गावच्या गटाराचा, एक शेतातला, एक कारखान्याच्या बाजूचा. कुठल्या ओघळाचं किती, हे एका सकाळीत ठरत नाही. तिन्हींच्या वेगळ्या बाटल्या भरल्या, फोटो काढले, वेळ लिहिली. तक्रार नियमाप्रमाणे लेखी दिली आहे, पोच घेतली आहे.

बाटली दुपारी त्याच गावात दाखवली. सरपंच, सोसायटीचे दोन संचालक, दहाबारा बायका. एक जण म्हणाला, "ही वरनंच आलेली घाण." ताईंनी शांतपणे गावाच्या वरची, सकाळीच भरलेली बाटली शेजारी ठेवली. तपकिरी. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक बाई म्हणाली, "जॅकवेल वर घ्या न्हाईतर वढा वळवा. पर पयलं ह्ये खालच्या गावाला दावू नका." पण खालच्या गावाला दाखवायलाच आम्ही निघालोय. तिला तसं सांगताना मला जड गेलं. तिनंच मग आमच्या पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या.

12 जानेवारी : सांगली

दिग्रजचा बंधारा ओलांडून दुपारी सांगलीवाडीच्या काठानं आलो. शेरीनाल्याच्या तोंडाशी पुन्हा नाकाला रुमाल. शहराचं सांडपाणी या नाल्यातून नदीत येणं थांबावं म्हणून सांगलीकर किती वर्षं भांडताहेत, ते घरोघर माहीत आहे.

आयर्विन पूल खालून पाहिला. 1929 चा, दगडी खांब, त्यावर पाणीपातळीचे फूट रंगवलेले. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आज होडीतून तो आकडा बघायला मान पूर्ण मागं टाकावी लागली. माझ्या आईनं तेव्हा पहिल्या मजल्यावर पाच दिवस काढले होते.

घाटावर शंभरेक लोक जमले. पांढरी बाटली हातोहात फिरली. एका रिक्षावाल्या दादांनी ती उन्हात धरून विचारलं, "म्हणजे ह्यात मासा मरतो, आणि आपण पितो?" शुद्धीकरण होऊनच नळाला येतं, हे ताईंनी सांगितलं, आणि मूळ पाणी जितकं घाण तितकं ते काम अवघड, हेही. अर्धं सांगून लोकांना घाबरवायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

13 जानेवारी : हरिपूर, अंकली

हरिपूरला वारणा येऊन मिळते. संगमेश्वरापाशी चहा. हळदीची जुनी पेवं इथंच जमिनीत होती, पुरानं बरीचशी बुजली. वारणेच्या पाण्यानंतर बाटलीचा रंग पुन्हा गडद झाला. नदी स्वतःला सावरायला बघते, तिला थोडं पाणी आणि थोडा वेळ मिळाला तर.

14 जानेवारी : म्हैसाळ बंधारा, नृसिंहवाडी

संक्रांत. अंधारातच निघालो. म्हैसाळला शेवटची उचल. दुपारी पंचगंगा दिसली. तिचं पाणी केंदाळानं हिरवंगार, संगमाच्या आत बरंच लांब ते कृष्णेच्या कडेकडेनं तसंच वेगळं वाहत होतं.

वाडीच्या घाटावर वाण द्यायला बायकांची गर्दी. होड्या लावल्या, पादुकांचं दर्शन घेतलं. ताईंनी पेटी उघडून दहा दिवसांच्या बाटल्यांचे फोटो आणि आजच्या ताज्या दोन बाटल्या पायरीवर मांडल्या. तीर्थ म्हणून तांब्या भरणाऱ्या एका आजींनी सगळं समजून घेतलं, तांब्याकडं पाहिलं, आणि तरीही तो कपाळाला लावून पदराखाली घेतला. म्हणाल्या, "आई आजारी पडली म्हणून कुणी टाकतं का? औषध करा तिला."

2 फेब्रुवारी

हिशेब. फुटलेल्या बाटल्या 2. रसायनाचा कॅन ताईंनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमा केला. होड्या परत.

चार गावांच्या शाळांनी दर पंधरवड्याला बाटली भरायचं कबूल केलंय. मोजे, रसायनं आणि मापं आम्ही पुरवणार. फोटो वरच्या आणि खालच्या, दोन्ही शाळांना जातील. भिलवडीचा पहिला आला, तपकिरी.

11 तारखेच्या गावातून काल सरपंचांचा फोन आला. पांढऱ्या बाटलीच्या ओढ्यावर तिन्ही ओघळांचे नमुने अधिकृत तपासणीला गेलेत. निकाल यायचा आहे. जॅकवेल अजून तिथंच आहे.

ब्रह्मनाळला 15 आणि 16 ला जायचंय. लहान मापाची लाइफ जॅकेटं बारा हवीत, सात मिळालीत.